रुमालाखालची चामडी

२०१८ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. परतवाड्याच्या बैलबाजारात त्या साली जे पाह्यलं, त्यानं अजून डोकं सुन्न हाये.

आमचा गफूरभाई बैलांचा दलाल. रुमालाखाली हात घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, ही बाजाराची रीत. यानं ती गावभर नेली. दाढीच्या आधी न्हाव्यापुढंही रुमाल पसरे. "बोलला तो भाव मेला," म्हणे. न्हावी म्हणे, चाचा, आधी गाल तर भिजवा.

मग कडबा कापायच्या मशीननं त्याचा उजवा पंजा नेला. रबरी हात बसला. बोटं हालत, पण त्यायले समजे काहीच नाही. अंडं धरलं का फुटे. बाजारात कोणी त्याच्या रुमालाखाली हात देईना. "मुर्द्याशी सौदा कोण करीन?" तोच म्हणे, अन् हासे.

एक दिवस अमरावतीच्या कॉलेजातली इंजिनेर पोरगी आली. तिनं रबरी बोटांवर पातळ, तारांची चामडी चढवली. बोटाले काही लागलं का दंडावरच्या पट्ट्यात झिणझिण्या येत. गफूरभाईनं अंडं उचललं. फुटलं नाही. लय वेळ तो त्याच्याकडंच पाहत बसला.

पोरगी म्हणे, बाजारात एक सौदा करून दाखवा, चामडी तुमच्याजवळच राहीन.

पहिला हात म्या देल्ला. बाजार भोवती जमला. रुमालाखाली त्यानं माही बोटं धरली अन् कपाळाले आठ्या पडल्या. पोरीले म्हणे, पट्टा थरथरून राह्यला, तुहं बोट दे बेटा. तिचं धरलं, तं पट्टा थांबला. मग परत माहं, परत थरथर. अन् त्यानं माह्या डोळ्यात पाह्यलं.

मी समजलो. माहा हात थरथर कापते, हे वरीसभर घरात कोणाले कळू देल्लं नव्हतं. कळलं का पोरं पहिले हातातला कासरा काढून घेतात.

गफूरभाईनं रुमाल झटकला अन् सगळ्यायसमोर म्हणला, "यंत्र बेकार हाये बेटा. घेऊन जाय."

पोरीचा चेहरा उतरला. चामडी डब्यात गेली. बाजार पांगल्यावर म्या त्याले इचारलं, कावून असं केलं?

"हात गेल्यावर बाजार कसा पाह्यते, मले माहीत हाये रामराव. तुह्याकडं तसं पाहू देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या यष्टीनं म्या अमरावती गाठली. कॉलेजात त्या पोरीच्या टेबलावर, तिच्या साहेबायसमोर, माहा पंजा पसरून ठेवला. म्हणलं, यंत्र खरं बोललं. कापते तो माहा हात हाये.