मिस्त्रींची सागवानी पेशी

"बक्षीस घरात आलंच म्हणून समज!" सुतार मिस्त्रींनी लेकीला ठणकावून सांगितलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला लाल रक्तपेशी मांडायची होती. पहिलं बक्षीस होतं खराखुरा सूक्ष्मदर्शक, आणि त्यासाठी पोरगी महिनाभर झुरत होती.

"बाबा, पेशीचा आकार कामाला साजेसा असतो," तिने पुस्तक पुढे धरलं. "ही गोल चकती, दोन्ही बाजूंनी मध्ये खोलगट. आणि मऊ, कारण तिला..."

"आकार कळला! पुढचं माझ्यावर सोड!"

आणि मिस्त्री सुटले! फळ्या जिन्याने वर घरात आल्या, पुढच्याच खोलीत रंधा चालला, भुसा डाळीच्या डब्यापर्यंत पोचला. प्रदर्शनाच्या सकाळी पाच फुटी, अस्सल सागवानी, लालभडक पेशी तयार! गिऱ्हाइकाचा जिना मोजल्याशिवाय मिस्त्रींनी वीस वर्षांत एक कपाट केलं नव्हतं. स्वतःचा जिना मात्र कधी मोजला नव्हता, कारण स्वतःच्या घरासाठी त्यांनी कधी काही केलंच नव्हतं.

पेशी घरंगळत दारातून झोकात निघाली आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर गच्च रुतून बसली! वर मिस्त्री, खाली भाजीची पिशवी घेतलेल्या शेजारीणबाई.

"जरा तिरकी करा की!" त्या ओरडल्या.

"तिरकीच आहे हो!"

"अहो, दहा वाजले, प्रदर्शन सुरू झालं!" बायको कडाडली.

लेकीला रडू फुटलं. "तेच सांगत होते, बाबा! पेशी मऊ असते, कारण तिला अरुंद नळीतून वाकून जायचं असतं!"

"मग हे आधी नाही का सांगायचं?" मिस्त्री म्हणाले.

बायको तरातरा आत गेली आणि मिस्त्रींच्या बैठकीची लाल गोल उशी घेऊन आली. उलटसुलट करून वर्षानुवर्षं बसल्याने तिला दोन्ही बाजूंनी खड्डा पडला होता. उशी दुमडून फटीतून खाली गेली, मागोमाग लेकही सरपटत गेली.

दुपारी खालून कुणीतरी बातमी दिली, तशा पायरीवरच ठाण मांडलेल्या शेजारीणबाई किंचाळल्या, "अहो, पोरगी पहिली आली!"

मिस्त्रींचे डोळे भरून आले. आनंदाच्या भरात त्यांनी करवत उचलली. आता सगळ्यांचीच सुटका! इतक्यात खालून धाडधाड पावलं वाजली. लेक, विज्ञानाच्या बाई आणि मागे चाळीस मुलं!

"बघा मुलांनो," बाई म्हणाल्या, "पेशी वाकली नाही तर काय होतं?"

"मी अडकते!" शेजारीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान खाली घालून करवत लाकडाला लावली.

"थांबा, मिस्त्री!" बाई ओरडल्या. "कापू नका! उद्या 'ब' तुकडी यायची आहे!"