लहरींचा उगम

"या शहरात दोघांपासूनच काही लपत नाही. एक देव, दुसरा मी. त्यातला देव हल्ली लक्ष घालत नाही," अशी आमचे भाऊजी स्वतःची ओळख करून देतात. हे माझे धाकटे दीर गुप्तहेर आहेत. हेरगिरीचं सांगता येत नाही, पण अक्कल गुप्त आहे खरी. मी त्यांची सहायक, कारण पिशवी कुणीतरी धरायला हवी.

परवा घरमालकीणबाईंनी बोलावलं. त्यांचं डोकं आठवडाभर ठणकत होतं. विजेच्या यंत्रांतून अदृश्य लहरी निघतात, त्यानं घरं प्रदूषित होतात, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं. शास्त्रज्ञ अजून तपासताहेत, असंही पुढे होतं. तिथवर त्या पोचल्याच नाहीत.

"वाचताना अक्षरंसुद्धा थरथरत होती हो! इतक्या लहरी!"

त्यांच्या घराखालीच रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकानदाराला त्यांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करा.

भाऊजींनी होकायंत्र काढलं. काटा फ्रिजकडे वळला. "फ्रिज गुन्हेगार!" मग काटा मिक्सरकडे वळला, मग कपाटाकडे. मी जिथे उभी राहीन तिकडेच तो वळत होता.

"वहिनी, तुम्ही?"

"भाऊजी, पिशवीत लोहचुंबक आहे. तुम्हीच ठेवलाय."

"तपासात फार लुडबुडता तुम्ही."

शेवटी त्यांनी बाईंच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलं. ते नाकापर्यंत उतरलं, म्हणून बाईंचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगबाई, ठणका थांबला की!"

"लहरी अडल्या. सिद्ध!" भाऊजी गरजले.

दारात रेडिओवाला उभा होता, दुकानाची पाटी काखेत धरून. "बाई, मुलं रांगत होती तेव्हापासून इथे आहे. आता कुठे जाऊ?"

"पुरावा आहे," भाऊजी म्हणाले. दुसरं पातेलं त्यांच्या डोक्यात घालावं, इतका मला संताप आला.

तेवढ्यात मालक वर्तमानपत्र घेऊन आले. आठवडाभर ते पुसट छपाईला शिव्या घालत होते. वैतागून त्यांनी नाकावरचा चष्मा टेबलावर टाकला आणि पुन्हा उचलताना शेजारचा उचलला.

"अरे वा! आज छपाई सुधारली!"

गेल्याच आठवड्यात नवरा-बायकोनं अगदी एकसारख्या फ्रेमचे चष्मे करून आणले होते.

बाईंनी पातेलं वर सरकवून उरलेला चष्मा लावला आणि मासिक उघडलं. अक्षरं गुमान उभी होती.

"माझा पहिल्यापासून चष्म्यावरच संशय होता," भाऊजी म्हणाले.

बाईंना मात्र माघार घेववेना. "राहा तुम्ही," त्या रेडिओवाल्याला म्हणाल्या, "पण मग लहरी येत होत्या तरी कुठून?"

त्यानं पाटी सरळ केली.

"वरूनच, बाई," म्हणाला आणि जिना उतरला.