सुमित्रा घरी येते

भिंगारच्या वाचनालयात ‘सात कोरड्या खोल्या’ ही कादंबरी आली आणि ग्रंथपाल मोझेस उजागरे यांची शांतता संपली. कादंबरीला पुरस्कार मिळाला होता, म्हणून त्यांनी ती हौसेनं मागवली होती. तिच्यात सुमित्रा नावाच्या बाईचं तान्हं मूल तापानं जातं, ती घर सोडते, नवरा रोज तिचं ताट वाढून ठेवतो आणि ती काही परत येत नाही.

पहिल्या वाचकानं पुस्तक तिसऱ्याच दिवशी टेबलावर आपटलं. “घरात आधीच कमी आहे का, की हे वाचू?” दुसरा म्हणाला, “असं पुस्तक दहा वर्षांत वाचलं नाही. पण पुन्हा माझ्या हातात देऊ नका.” शाळेत मराठी शिकवणाऱ्या यशोधराबाई सोनवणे यांनी मात्र ताबडतोब नंबर लावला.

त्यांच्या आधीचा नंबर निवृत्त सुभेदार आबासाहेब लगड यांचा होता. सीमेवर न डगमगलेला हा माणूस शेवटच्या पानावर पोचला आणि ओट्यावर बसून हुंदके देऊ लागला. बायको छबूबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या.

“कोन गेलं वो?”

“सुमित्रा.”

“कोनाची?”

“पुस्तकातली.”

छबूबाईंनी पुस्तक हिसकावलं, शेवटचं पान टरकावलं आणि चुलीत घातलं. “आता न्हाई गेली,” त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी खाली मान घालून पुस्तक परत केलं. मोझेस हादरले. गावात दुसरी प्रत नव्हती आणि यशोधराबाई संध्याकाळी येणार होत्या. कादंबरी त्यांनी स्वतः तीनदा वाचलेली असल्यानं शेवट जवळजवळ पाठ होता. कोरा कागद घेऊन ते लिहायला बसले. गल्लीत पावलं वाजतात इथपर्यंत पेन सरळ चाललं. कादंबरीत ती पावलं दारावरून पुढे निघून जातात. मोझेसना ते लिहवेना. ‘पावलं दाराशी थांबली,’ असं त्यांनी लिहिलं. मग सुमित्रेला अडवणं त्यांच्या हातात राहिलं नाही. ती आत आली, पाय धुतले आणि ताटावर बसली. मोझेसनी कागदाला खळ लावली आणि पान चिकटवून टाकलं. संध्याकाळी यशोधराबाईंना त्यांनी ‘शेवटचं पान फाटलं होतं, हातानं उतरवून लावलंय,’ एवढंच सांगितलं.

चार दिवसांनी यशोधराबाई डोळे पुसत आल्या. “एवढ्या अंधारातून नेऊन लेखकानं शेवटी दिवा लावलाय हो, उजागरे!”

खरं सांगायची वेळ तीच होती. मोझेस म्हणाले, “हो ना,” आणि तारखेचा शिक्का मारला.

बाईंनी गावभर सांगितलं. कादंबरीला रांग लागली. वाचनालयाच्या अकरा सभासदांनी मिळून लेखक राधाकृष्ण सांगळे यांना आभाराचं पत्र धाडलं. सांगळ्यांना तोवर फक्त शिव्यांची पत्रं आलेली. त्यांचं उलटटपाली कार्ड आलं : ‘येत्या रविवारी भेटायला येतो.’ ते वाचल्यापासून मोझेसना जेवण जाईना. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी पुस्तकावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढू दिली नव्हती.

रविवारी पन्नासेक माणसं जमली. “सुमित्रेला घरी आणल्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत,” यशोधराबाई भाषणात म्हणाल्या.

सांगळे दचकले. “कुठं आणलं?”

“घरी.”

सांगळ्यांनी प्रत मागवली आणि शेवटचं पान दोनदा वाचलं. मोझेस उभे राहिले. “साहेब, तिला मी आत घेतलं. मूळ पान फाटलं होतं. माझ्यानं तिला बाहेर ठेववेना.”

सांगळ्यांनी खरा शेवट सांगितला. एकच गलका उसळला.

“मंग आमच्या उजागऱ्यांनी बरंच केलं की!” आबासाहेब ओरडले.

“काही बरं नाही केलं,” यशोधराबाई संतापल्या. “खोट्या शेवटावर मला रडवलंत. मला खरं पान हवंय.”

तेवढ्यात छबूबाई मागून उठल्या. “माझी थोरली बहीन अशीच निघून गेल्ती. आमी लई वाट बघितली. न्हाई आली. ह्ये लेखक सांगत्यात त्ये खरं हाय.” मग त्या सांगळ्यांकडे वळल्या. “पन खरं हाय म्हनून सारखं सांगायचं व्हय?”

सांगळ्यांनी यशोधराबाईंसाठी मूळ शेवट शब्दशः सांगितला आणि मोझेसनी तो जसाच्या तसा उतरवून पुस्तकात लावला. वाचनालयाच्या अध्यक्षांनी मोझेसना सर्वांदेखत समज दिली आणि प्रकरण मिटवलं.

मोझेस पाहुण्यांना एसटीत बसवून द्यायला नगरच्या स्टँडवर गेले. गाडी लागली तसे सांगळे खाकरले. “ते तुमचं पान फाडून टाकलंत का?”

“खिशात आहे. का? तक्रार करणार का, साहेब?”

“नाही हो. कादंबरी वाचल्यापासून आमची ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. पाच महिने झाले. ‘तिला आत घ्यायला तुमचं काय जात होतं?’ म्हणते.” त्यांनी हात पुढे केला. “द्या ते. घरी दाखवून बघतो.”

मोझेसनी पान दिलं. सांगळ्यांनी खिडकीशी बसून ते पुन्हा वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “उजागरे, ती येते, पाय धुते, जेवायला बसते. पण नवऱ्याशी बोलते की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.”

कंडक्टरनं घंटी मारली. मोझेसनी खिडकीतून पान परत घेतलं, एसटीच्या पत्र्यावर टेकवलं आणि घाईघाईनं एक ओळ वाढवली : ‘आणि मग ती भरभरून बोलू लागली.’

सांगळ्यांनी पान घेतलं. “‘भरभरून’ खोडा,” ते म्हणाले. “तेवढं आमची ही खरं मानायची नाही.”