सेतुमाधवरावांची दहा मिनिटं

सेतुमाधवरावांशी बोलायला गेलं की ते आधी विचारत, "संगति काय? आणि कित्ती निमिष?" संगति म्हणजे काम आणि निमिष म्हणजे मिनिट, एवढं तमिळ मी मद्रासला आल्यावर त्यांच्यामुळेच शिकलो. आपण गडबडून "दोन" म्हणालो, की ते टेबलावरचं गजराचं घड्याळ स्वतःकडे वळवून घेत आणि दोन मिनिटं संपताच तळहात वर करत. "पोदुम!" म्हणजे पुरे. वाक्य अर्धं राहिलं असेल, तर ते राहिलंच.

हे गृहस्थ आमच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरचे राखणदार. साठीच्या दशकातली गोष्ट. अख्ख्या संस्थेत मिळून एकच कॉम्प्युटर, चांगला खोलीभर पसरलेला, आणि त्याच्यासाठी खास थंड हवा. आम्ही माणसं बाहेर घामाघूम. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, वरच्या कार्डावर किती मिनिटं हवीत ते लिहायचं आणि बाकावर बसून राहायचं. कुणालाही दहा मिनिटांच्या वर एक क्षण नाही, हा सेतुमाधवरावांचा कायदा. वेळ झाली की बटण दाबत. गणित संपत आलं होतं की नुसतंच गोल गोल फिरत होतं, याची चौकशी नाही.

"एकाचं प्रोग्राम घुमत बसलं, तर बाकीचे अस्के काय करणार? बीचवर जाऊन सुंडल खाणार कां?" अस्के म्हणजे सगळे. मी नागपूरचा. त्यांची तंजावरी मराठी ऐकताना मला जुन्या पोथीला कुणीतरी कढीपत्त्याची फोडणी दिल्यासारखं वाटे.

बरं, हा कायदा कॉम्प्युटरपुरता असता तर ठीक. कँटीनमध्ये उकाड्याबद्दल कुरकुरायला ते एक मिनिट देत, वरिष्ठांबद्दल कुरकुरायला तीन. एका समारंभात डायरेक्टरसाहेबांनी "दोन शब्द बोलतो" म्हणून सुरुवात केली. सेतुमाधवराव पहिल्या रांगेत, मांडीवर घड्याळ. दहा मिनिटांनी ते खणखणलं. साहेब दचकून थांबले, लोकांनी भाषण संपलं समजून टाळ्या वाजवल्या आणि साहेबांना खाली बसावं लागलं. संस्थेच्या इतिहासात इतक्या मनापासून टाळ्या पुन्हा पडल्या नाहीत.

माझं गणित पुलाच्या कमानीचं होतं. त्याला अर्धा तास तरी हवा होता. महिनाअखेरीच्या अहवालात उत्तर गेलं नाही, तर माझी नेमणूक संपणार आणि मी बिऱ्हाड गुंडाळून नागपूरला परत. पण दरवेळी दहाव्या मिनिटाला गठ्ठा खिडकीतून बाहेर.

"तुकडे करा," सेतुमाधवराव सांगत. "मधलं उत्तर कार्डांवर काढून घ्या. उद्यां तिथून पुढें."

सांगायला काय जातं! त्यासाठी अख्खा प्रोग्राम उसवून पुन्हा शिवावा लागला असता. त्यापेक्षा या माणसालाच मऊ करून पाहू, म्हणून एका रविवारी सकाळी मी तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतून त्यांचं घर शोधत गेलो.

दार त्यांनीच उघडलं. "या, या!" किती मिनिटं, हे विचारलंच नाही. मला तिथेच चुकल्याचुकल्यासारखं झालं. झोपाळ्यावर त्यांच्या पत्नी सुंदराबाई बसल्या होत्या. मी टेकतो न टेकतो तोच त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नांत काय झालं, ठाऊक आहे कां? नवऱ्यामुलाची पगडी डोळ्यांवर आली, आणि त्यानं माळ घातली ती माझ्या मामाच्या गळ्यांत!"

मी हसलो. सेतुमाधवराव तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मग?"

"मग काय! मामा लाजले!"

सेतुमाधवरावांनी कॉफी आणून दिली. मी पहिला घोट घेतला आणि सुंदराबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नांत काय झालं, ठाऊक आहे कां?" पुन्हा पगडी, पुन्हा माळ, पुन्हा मामा. सेतुमाधवराव पुन्हा तितकेच हसले. पुन्हा "मग?" तिसऱ्या वेळी पगडी डोळ्यांवर यायच्या आत मी घाईनं म्हणालो, "ते माझ्या प्रोग्रामचं जरा..."

सेतुमाधवरावांनी तळहात वर केला. मला.

किती वेळा ती माळ मामांच्या गळ्यात पडली, कोण जाणे. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"डॉक्टर म्हणतात, तिला थांबवा. दुसरं कांही बोला, तेंच तेंच घुमूं देऊं नका." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला होत नाही हो."

मी वाकून चपला शोधू लागलो.

"प्रोग्रामसाठीं आलेलांत कीं?"

"हो."

"दहाच निमिष."

"तुकडे करतो," मी म्हणालो. आणि खरंच केले. रोज थोडं थोडं करत उत्तर वेळेत आलं, नागपूर टळलं. पण त्या सकाळी पायात चपला अडकवताना कमानीचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता.

तेवढ्यात सुंदराबाई उंबऱ्याशी आल्या. परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाल्या, "बाहेर कां उभे राहिलांत? आंत या कीं. माझ्या लग्नाची एक गंमत सांगतें. तुम्ही नव्हतांत ना तेव्हां?"

"नव्हतों," सेतुमाधवराव म्हणाले आणि लगबगीनं आत वळले. "सांगा कीं."