दोन काळजांची गाडी आणि गल्लीतले सौजन्ययुद्ध

समस्त आळीकरांचे सेवेसी सेवकाचा दंडवत. शिकोकू बेटावर, संत्र्यांच्या बागांखालील आमचे गल्लीत जे तुंबळ युद्ध जाहले, ज्यात भोंगा वाजला नाही, आवाज चढला नाही आणि तरी उभयपक्षी कोणी हटेना, त्याची हकीकत लिहून ठेवावी ऐसी आळीची आज्ञा जाहली, सबब लिहितो. पदरचे मीठ पडले असेल ते चवीपुरते मानावे.

तोकुजीराव काजिवारा, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी जन्मभर डाकखात्याची इमाने चाकरी केली, आणि गतसाली जुन्या गाडीनिशी त्याच खात्याच्या लाल टपालपेटीवर चालून जाऊन तिजला धडक दिली. पेटी जागची हलली नाही, गाडी मात्र भंगारात दाखल जाहली. मग कन्या चिझुरूबाई यांनी फर्मान काढिले की, या मुलखातील कैक वृद्ध करितात तैसे वडिलांनीही आपला वाहनपरवाना पोलीस ठाण्यात परत करावा. तोकुजीराव सरळ जाऊन नवी गाडी घेऊन आले.

गाडी म्हणावी तर अजब चीज. तिला काळजे दोन, एक पेट्रोलवर चालणारे आणि दुसरे विजेवर, आणि कोणी केव्हा जागावे हे तिचे तीच ठरविणार. कारखानदारांनी यंदा तिचा नूर पालटून तिजला बुटकी, उतरत्या नाकाची आणि पहिलीपेक्षा चार बोटे रुंद केली, आणि आरशांस आपोआप कान पाडण्याची विद्या दिली, आणि कोणी जवळ येता टुंटुं करण्याची खोड लाविली. चालता पाचोळाही दचकू नये इतकी मुकी. फक्त आमची गल्ली रुंद करण्याचे कारखानदारांच्या ध्यानी आले नाही.

नवी गाडी डोंगरावरील देवळी नेऊन पुजाऱ्याकरवी तिजवर कागदी कुंचा फिरवावा हा रिवाज. मग शुभदिन पाहून कूच ठरले, तो चिझुरूबाई जेवणाचे डबे मांडीवर घेऊन शेजारी बसल्या आणि बोलल्या, "बाबा, आज एक ओरखडा जरी उठला ना, तर सोमवारी परवाना परत. बोला, कबूल?"

"कबूल," तोकुजीराव म्हणाले. परवाना गेला की आपण पत्ता नसलेल्या पाकिटासारखे घरी पडून राहणार, हे भय त्यांनी कोणास सांगितले नव्हते. आणि बाप एके दिवशी गाडीतून घरी परतणारच नाही, हे भय बाईंनीही सांगितले नव्हते.

स्वारी गल्लीच्या ऐन कंबरेत, एकीकडे दगडी बांध व एकीकडे गटार अशा जागी पोचली, आणि समोरून पांढरा छोटा ट्रक मुळ्यांचे भारे लादून उतरला. आत ओनोदेरा बागाईतदार, तोकुजीरावांचे जुने हाडवैरी. वैर कशाचे? उपकाराचे. एकाने खरबूज धाडावे, दुसऱ्याने त्याहून थोर धाडावे, आणि कोणी कोणाचे देणे अंगावर ठेवू नये, असे वर्षानुवर्षे चालले होते. आता जो वाट देईल तो थोर, आणि जो आधी जाईल तो जन्माचा मिंधा.

तोकुजीरावांनी दिवे मिचकावले, म्हणजे आधी आपण यावे. ओनोदेरांनीही मिचकावले. मग दोघेही अदबीने मागे हटले, आणि दुसऱ्याची वाट पाहून दोघेही पुढे आले, आणि पुन्हा दोघेही हटले, आणि चिझुरूबाई उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करिता घामाघूम जाहल्या. शेवटी दोन्ही फौजा जागीच ठाण मांडून बसल्या.

ट्रकाचे इंजिन धडधडत पेट्रोल पीत राहिले. इकडे गाडीचे तेलाचे काळीज केव्हाच निजले होते, आणि विजेचे एकटेच पहारा देत आत गार वारा पुरवीत होते. ओनोदेरांनी काच खाली केली.

"काजिवारा-सान, गाडी बंद पडली वाटतं? ढकलून देऊ का?"

हा वार जिव्हारी होता. इतका मोठा उपकार फेडण्यास पंचक्रोशीत खरबूज पुरले नसते.

"बंद कुठली! झोपलंय इंजिन," तोकुजीराव गोड हसून म्हणाले. "तुमचं बिचारं फार धापा टाकतंय हो. पाणीबिणी देऊ?"

तितक्यात ट्रकात पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. ओनोदेरांचा चेहराही तैसाच पिवळा जाहला, आणि मान लववून ते पुटपुटले, "मग... माफ करा हं, येतो पुढे."

तोकुजीरावांनी गाडी बांधास केसभर अंतरावर भिडविली, आरशांनी कान पाडले, चहूकडून टुंटुंचा कल्लोळ उठला, आणि मुळ्यांचा पाला काचेस घाशीत ट्रक निघून गेला.

चिझुरूबाई वाकल्या. दारावर लांब हिरवी रेघ! तोकुजीरावांनी डोळे मिटले. बाईंनी रेघेवर अंगठा घासला, आणि ती पुसली गेली.

"पाला आहे, बाबा," त्या म्हणाल्या आणि रुमालाने डोळेही पुसू लागल्या. "इथून मला नसती हो काढता आली गाडी."

मग देवळी कुंचा फिरला, गाडीस तावीज बांधिला, आणि उतारावर ब्रेक दाबता दाबता गाडीने विजेचा खजिना काठोकाठ भरिला. आणि गल्लीच्या त्याच कंबरेत, खालून चढून आलेला पांढरा ट्रक उभा! त्याने दिवे मिचकावले.

"आता आधी तुम्ही!" ओनोदेरा काच खाली करून म्हणाले. "टाकी फुल्ल करून आलोय!"

तोकुजीरावांनी भीतभीत कन्येकडे पाहिले. चिझुरूबाई डब्यांच्या फडक्याची गाठ सोडीत होत्या.

"बघताय काय, बाबा? झोपवा इंजिन," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारचं विसरा. हा घ्या भात, सावकाश जेवू."

येणेप्रमाणे गाडी निष्कलंक राहिली, परवाना कायम जाहला, आणि कन्येची फौज वडिलांस येऊन मिळाली, हा विजय दप्तरी नोंदविला असे. दोन्ही फौजा अद्याप तेथेच आहेत. वाचकांनी दुसऱ्या गल्लीने जावे.