माळ्यावरची पाटी

दारावरची ‘फौजदार’ ही पाटी नऊ वर्षांपूर्वी उतरून माळ्यावर गेली. स्वतः फौजदार पहाऱ्यावर असतानाच कोठडीतला एक चोर निसटला, खात्यातल्या साहेबांनी शिक्षा ठोठावली आणि फौजदाराचा हवालदार झाला. दोष कुलपाचा होता, असं हवालदारांचं म्हणणं. आता निवृत्ती तोंडावर आली, तरी पाटी दारावर लागल्याशिवाय घरी बसायचं नाही, असा त्यांनी पणच केला होता.

“मग इतकी वर्षं काय केलंत?” बायकोने विचारलं.

“वकील शोधत होतो. साहेबांना सामील नसलेला.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हवालदारांनी ताकवाल्याचीच चौकशी लावली होती. वकिलाकडे जायचं, सगळी हकीकत सांगायची आणि मग आठवडाभर साध्या वेशात त्याच्या घरासमोर वर्तमानपत्र धरून बसायचं. एक वकील साहेबांच्या मेव्हण्याशी हसून बोलला, तो बाद. एका वकीलबाईंच्या दारात लाल गाडी दिसली. साहेबांचीही गाडी लालच, म्हणून त्याही बाद. एकजण तर ऐकताक्षणी “तुमची बाजू खरी आहे” म्हणाला. त्याचा संशय सगळ्यात जास्त आला. शेवटी एक तरुण वकील निर्धोक ठरला, कारण त्याच्याकडे कुणी फिरकतच नव्हतं.

“कोर्ट आधी उशिराचं कारण विचारणार,” तो म्हणाला. “आपण सांगू, दाद मागता येते हेच तुम्हाला माहीत नव्हतं.”

खोटं बोलणं हवालदारांच्या जिवावर आलं, पण डोळ्यांसमोर पाटी आली आणि त्यांनी सही केली.

कोर्टात खात्याचे वकील सावकाश उठले. चेहरा हवालदारांच्या ओळखीचा निघाला.

“हे तेव्हा माझ्याकडेच आले होते. लगेच दाद मागा, मुदत जाईल, असं मीच यांना बजावलं. त्यावर आठवडाभर माझ्या दारासमोर बसले. आईला दया आली, तिने पाणी नेऊन दिलं, तर आधी तिलाच प्यायला लावलं.”

तरुण वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“वर्तमानपत्रवाले ते तुम्हीच का? मी तेव्हा वकिली करत होते. कुणीतरी माझ्या वाईटावर आहे असं वाटून मी घर बदललं. आणि तुम्ही जिचा नंबर टिपून घेतलात, ती लाल गाडी माझ्या वडिलांची होती.” मग त्यांनी विचारलं, “उशिराचं खरं कारण सांगा.”

“कुणावर विश्वासच बसेना, मॅडम,” हवालदार मान खाली घालून म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं.

“हे कारण खरं आहे, याची मी स्वतः साक्ष देईन. पण साक्षीदाराला निकाल देता येत नाही. प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल.”

घरी बायकोने आनंदाने पाटी माळ्यावरून काढली आणि घासूनपुसून लख्ख केली. दाराशी खिळा ठोकायला गेली, तर हवालदार चपला घालत होते. काखेत वर्तमानपत्र होतं.

“आता कुठे निघालात?”

“नवे न्यायाधीश कुठे राहतात, तेवढं बघून येतो.”

तिने स्टूल ओढलं आणि पाटी पुन्हा माळ्यावर ठेवली.