भुई बसू द्या

ग्यानूतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी टाच आपटायचे. रामराम नंतर. चप्पल दारात काढायची, आत पाऊल टाकायचं, उजवी टाच तीनदा फरशीवर आपटायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, आणि मग म्हणायचं, "बरं हाय का समदं?" हे ते माणसांना विचारायचे की फरशीला, ते मला कधीच कळलं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी साताऱ्याहून येऊन कुपवाडच्या एका रस्ते-ठेकेदाराकडे नोकरीला लागले होते. पहिलाच दिवस. साहेब मला काम समजावून सांगत होते आणि एक काटकुळा, मिशाळ म्हातारा डोक्यावरची पांढरी टोपी सावरत त्यांच्या टेबलाभोवती टाच आपटत फिरत होता.

"सायब, तुमच्या खुर्चीखाली पोकळ हाय बगा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हे आपले मुकादम. फौजेत असताना सरहद्दीवर रस्ते केलेत यांनी. तुम्ही साइटवर यांच्या हाताखाली... म्हणजे, हे तुमच्या हाताखाली."

कोण कुणाच्या हाताखाली, याचा उलगडा पुढं दोन वर्षं झाला नाही.

त्यांच्या टाचेची ख्याती पंचक्रोशीत होती. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलीकडच्यांनी नवं घर बांधलेलं, गुळगुळीत फरशी, भिंतीला गुलाबी रंग. तात्यांनी टाच आपटली आणि पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "भराव कच्चा हाय. एक पाऊस झाला की ही फरशी बसणार." मुलीचा बाप लालबुंद झाला. पुतण्या तर रडायचाच बाकी होता. लग्न कसंबसं जमलं आणि पहिल्याच दिवाळीला जावई जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटातली आमटी एका बाजूला गोळा झाली. तेव्हापासून सासरेबुवा घरात खिळा ठोकायचा तरी तात्यांना फोन करतात.

त्यांचं पाठ झालेलं एक वाक्य होतं, "भुई बसू द्या." रोलरवाल्यानं घाई केली, भुई बसू द्या. कुणाचं भांडण झालं आणि दुसऱ्याच दिवशी कुणी समेट घडवायला निघालं, भुई बसू द्या. मी नवीन नवीन चिडचिड करायचे तर मलाही चहाचा कप पुढं करून, "म्याडम, भुई बसू द्या."

आमचं काम कुंडलच्या बाजूला, उसाच्या रानांतून जाणाऱ्या एका रस्त्याचं होतं. सगळा पट्टा काळ्या मातीचा. ही माती उसाला सोनं, पण रस्त्याला वैरीण. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वरचा रस्ता मग पापडासारखा मोडतो. तात्या तिला रंगरूट म्हणायचे, म्हणजे फौजेतला नवा भरती झालेला जवान.

"आवं म्याडम, हिच्यात ताकद लय हाय, पर शिस्त न्हाई. जरा पानी दिसलं की छाती फुगवती. हिला आदी परेड शिकवायची, मग डोक्यावर वजन द्यायचं."

परेड म्हणजे चुना. माती उकरून तिच्यात चुना मिसळायचा, पाणी मारायचं, रोलरनं दाबायचं आणि मग वर काहीही न घालता तिला काही दिवस ओली ठेवून गप पडू द्यायचं. तेवढ्या काळात ती आतून घट्ट होत जाते. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण तात्या रोज सकाळी त्या पट्ट्यावर उकिडवं बसून मातीचा खडा बोटांत चुरडायचे आणि "आज जरा शानी झालिया" असं म्हणायचे, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

भांडण झालं ते कालव्याजवळच्या तुकड्यावरून. आदल्या दिवशीच तिथं चुना घालून दाबाई केली होती. सकाळी साहेबांचा फोन आला, "उद्घाटनाची तारीख ठरली. पाहुणे ठरले. कोनशिला कोरून आली. आज खडी टाकून घ्या." फोन संपतो न संपतो तोच खडीचा डंपर हजर.

तात्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली, त्या तुकड्याच्या तोंडाशी मधोमध ठेवली आणि तिच्यावर पायावर पाय टाकून बसले. डंपरवाल्यानं हॉर्न वाजवला. तात्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"तात्या, सरका की!"

"बाळंतिणीला सुदिक दहा दिस उठवत न्हाईत गड्या. ही तर काल निजलीया."

तासाभरात साहेबांची जीप धुरळा उडवत आली. साहेब उतरले ते ओरडतच. तात्या खुर्चीवरून उठले, कडक सलाम ठोकला आणि पुन्हा बसले.

"मुकादम, काम मी बघतो की तुम्ही?"

"वरचं तुमी बगा सायब. खालचं मी बगतो."

"म्हणजे तुम्हाला काढून टाकू?"

तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, माजं ऱ्हाऊ द्या, मी अडानी. तुमचं शिक्शन काय म्हनतंय? तेवडं सायबास्नी सांगा."

माझी नोकरी तीन महिन्यांची. घरी वडिलांनी गल्लीभर पेढे वाटलेले. साहेब माझ्याकडं बघत होते, डंपरवाला बघत होता, रोलरवर बसलेला ड्रायव्हरसुद्धा वाकून बघत होता.

"सात दिवस लागतात, सर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

साहेब काही बोलायच्या आत तात्यांनी खुर्ची उचलली आणि डंपरवाल्याला हात केला. "आन रं गाडी. आदी त्या पल्याडल्या तुकड्यावर घाल." पलीकडचा तुकडा आठवड्यापूर्वीचा होता. भरलेला डंपर त्याच्यावरून गेला आणि मागं टायरची नुसती नक्षी उमटली. "आता हिकडं आन." कालच्या तुकड्यावर डंपर चार हात पुढं आला आणि चाकांखाली बोट बोट खोल चाकोऱ्या पडल्या. तात्या त्या चाकोरीशी बसले आणि त्यांनी तिच्यात तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

साहेबांनी चाकोरीत बुटाचं टोक रुतवून बघितलं. मग म्हणाले, "पाच दिवस."

"सायब, ह्यो काय बाजार हाय व्हय?"

"सहा."

"सात. आनि ह्या चाकोऱ्या परत उकरून दाबायच्या, त्यो आजचा दिस येगळा."

उद्घाटन पुढं गेलं. पाहुण्यांना पत्र मी लिहिलं. कोनशिला मात्र पुन्हा कोरायला कुणी तयार होईना, म्हणून त्या रस्त्याच्या तोंडाशी आजही चुकीची तारीख आहे. रस्ता मात्र अजून सरळ आहे. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत त्याच्यावरून जातात. मी त्या बाजूला गेले की मुद्दाम गाडी हळू करते. त्या दिवशी मी 'सात' म्हटलं नसतं तर आज मी कशी इंजिनियर झाले असते, असं मनात येतं.

पुढं पावणेदोन वर्षांनी तात्या काम सोडून गावी गेले. मीही पुढं साताऱ्याला दुसऱ्या नोकरीवर गेले. दिवाळीला फोन व्हायचा. तो कमी कमी होत गेला.

गेल्या उन्हाळ्यात अचानक त्यांचा फोन आला. "म्याडम, शेजारच्या पोरीचं लगीन हाय. आमच्या जागंत हाय. या."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचले. वळवाचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता आणि सगळं गाव काळ्या चिखलात रुतलं होतं. गाडी लांब लावून मी चपला हातात घेऊन चालत गेले. तात्यांच्या जुन्या पत्र्याच्या दोन खोल्या दिसल्या आणि शेजारी ती जागा दिसली. चौकोनी, हातभर उंच, तांबूस आणि टणक. तिच्यावर पाण्याचा थेंब साचलेला नव्हता. घराचा चौथरा व्हावा तशी ती जागा, पण वर काहीही नाही.

नवरीची आई, आक्काताई, चहा देताना हळूच बोलली. "पोरगं पुन्याला हाय न्हवं त्येंचं. म्हनलं हुतं, तुमी घरी आलासा की नवं घर बांदू, आमीबी पोरीला घिऊन येतो ऱ्हायला. मग काय, तात्यांनी एकट्यानं ही जागा उकरली बगा. काळी माती समदी बाहीर काडली, मुरूम भरला, चुना घातला. तीन वरसं. आनि मग पोरानं तिकडंच फ्लॅट घेतला."

"मग?"

"मग काय. रोज सकाळी झाडत्यात. आमची कोंबडी जाऊ देत न्हाईत जाग्यावर. पर मागल्या हप्त्यात पावसानं आमचं आंगन खचलं, मांडव कुठं घालावा कळंना. तर आपनहून आले. म्हनले, पोरीचं लगीन चिखलात करू नगा, माज्या जागंत करा."

बाहेर मांडववाले आले होते. तात्या मला बघून हसले, पण त्यांचं लक्ष त्या पोरांच्या पहारींकडं होतं. खांबांसाठी खड्डे पडत होते. प्रत्येक घावाला त्यांची मिशी थरथरायची, पण पाय जागचे हलत नव्हते. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र एकानं पहार उचलली आणि तात्या झपाझपा पुढं गेले.

"हितं नगं रं. जरा पल्याड घे."

"तात्या, मग मांडव वाकडा हुईल की."

"हुंदे."

"पर का?"

तात्यांनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मग आवाज खाली आणून, जवळ कुणीतरी झोपलेलं असावं तसे म्हणाले, "हितं नातीची खोली हाय."

तो तरुण मांडववाला क्षणभर त्या रिकाम्या भुईकडं बघत राहिला. मग त्यानं पहार खांद्यावर टाकली आणि चार पावलं पलीकडं गेला.

मांडव एका बाजूनं वाकडाच झाला. लग्नाला सगळा गाव जेवला. कुणी नाव ठेवलं नाही.